धागा: सेरोटोनिन, हृदयाचे स्नायू आणि नैराश्याची गोळी. दादाची गोळी बंद करावी का?

साखरपेठकर
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाचं वय ४६. दिवाळीनंतर जिना चढताना दम लागायला लागला, पायावर सूज आली. इकोमध्ये हृदय मोठं झालेलं दिसलं, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर फेकतं ते प्रमाण) ३० टक्के. अँजिओग्राफी केली, ब्लॉकेज कुठेच नाही. निदान डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे रक्तवाहिन्या चांगल्या, पण हृदयाचा स्नायूच सैल पडलेला. मेटोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, शिवाय लघवीची गोळी असं सगळं चालू आहे.

दादा टॉवेलच्या कारखान्यात मुकादम होता. काम सुटलं आणि माणूस गप्पच झाला. जेवणात लक्ष नाही, रात्री जागाच. डॉक्टरांनी नैराश्यावरची सर्ट्रालिन ५० सुरू केली. थोडा फरक वाटत होता.

आता घरच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. सेरोटोनिनमुळे हृदयाचे स्नायू जाड होऊन माणूस जातो, नैराश्याच्या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात म्हणून त्या लगेच बंद करा, आणि केळी, शेंगदाणे, अक्रोड यांना हात लावू नका. खाली कुठल्याशा संशोधनाचं नाव आणि उंदराचं चित्र. वहिनीने कालपासून गोळी लपवून ठेवली आहे. यात खरं किती? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्याची आहे.

होटगीरोड
कशाला एवढं घाबरलालाव ताई. ग्रुपवरचे डॉक्टर लई झालेत आपल्याकडं. पण गोळी आजच्या आज परत सुरू करायची का नाही, हे ज्यानी लिहून दिली त्यालाच फोन करून विचारा. पुढचा आठवडा कशाला?

जुनी_मिल
होटगीरोड म्हणतात ते आधी करा. सर्ट्रालिन एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज सळसळल्यासारखं असं काहीबाही होतं, आणि घरच्यांना वाटतं हृदयच बिघडलं.

मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेसेज पूर्ण खोटा नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे.

शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्यात तयार होतं. तिथून रक्तात आलं की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी ते उचलून स्वतःत साठवतात. रक्तातलं हे सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही आणि मेंदूतलं बाहेर येऊन हृदयाला भिडत नाही. २००३ साली कळलं की दोन्हीकडे ते बनवणारी एन्झाइम्ससुद्धा वेगळी आहेत. त्यामुळे 'मूडचं रसायन हृदय खातं' हे वाक्य सुरुवातीलाच घसरतं.

आता रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची कुलपं, ज्यांत सेरोटोनिनची किल्ली बसते. सेरोटोनिनचे रिसेप्टर सात कुळांत मोडतात, पोटप्रकार धरले तर चौदा तरी. आपल्या सोलापुरी भाषेत सांगायचं तर सूत तेच, पण जेकार्ड मागावर कार्ड कुठलं चढवलंय त्यावर चादरीवर मोर उमटणार की फूल हे ठरतं. उलटीवर देतात ते ऑनडान्सेट्रॉन एका कुळाला अडवतं, मायग्रेनचं सुमाट्रिप्टान दुसऱ्या कुळाला चेतवतं. हृदयाच्या स्नायूच्या बाबतीत मुख्यतः दोघांची नावं येतात: ५-एचटी२बी आणि ५-एचटी४ (५-एचटी म्हणजे सेरोटोनिनच).

तुमच्या मेसेजमधला उंदीर बहुधा ५-एचटी२बीचा. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत २००० च्या आसपास हे काम झालं. हा रिसेप्टरच नसलेले उंदीर त्यांनी तयार केले. बरीच पिल्लं गर्भातच किंवा जन्मल्यावर लगेच मेली, कारण हृदय नीट घडलंच नव्हतं. जी जगली त्यांचं हृदय पुढे सैल आणि फुगलेलं निघालं, म्हणजे दादासारखंच. मग २००३ साली त्याच लोकांनी उलटं केलं: हृदयाच्या स्नायूत हा रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त बसवला. आता भिंती जाड झाल्या आणि मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीतल्या वीजघरांची, संख्या नको तितकी वाढली. मेसेजवाल्याने हा दुसरा अर्धा भाग उचलला आणि पहिला सोडून दिला.

आणखी एक. त्याच वर्षी दुसऱ्या एका फ्रेंच गटाने आतड्यातलं सेरोटोनिन बनवणारं जनुकच बंद केलेले उंदीर पाहिले. रक्तात सेरोटोनिन जवळजवळ नाही, आणि त्यांचंही हृदय निकामी होत गेलं. म्हणजे 'सेरोटोनिन कमी तितकं बरं' हेही चालत नाही.

जास्त झाल्यावर बिघाड कसा होतो, तेही लिहितो, कारण दादाच्या गोळ्यांशी त्याचा संबंध आहे. हृदयात नुसत्या स्नायूपेशी नसतात, त्यांच्यामध्ये फायब्रोब्लास्ट असतात, व्रण भरणाऱ्या पेशी. त्यांच्यावर ५-एचटी२बी आणि अँजिओटेन्सिनचा (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा) रिसेप्टर हे शेजारी असतात आणि एकमेकांच्या संगतीने दाहाची रसायनं सोडायला लावतात. ॲड्रेनॅलिनचा मारा सतत चालू असेल तर ही जोडी जास्तच कामाला लागते. मग व्रणाचे धागे साठतात, स्नायू ताठरतो. दुसरा रस्ता रिसेप्टरचा नाहीच: स्नायूपेशीतलं एमएओ-ए हे एन्झाइम सेरोटोनिन मोडतं तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते फार झालं की पेशी जळते. हे काम फ्रान्समधल्या तुलूझचं.

दादाच्या यादीतलं व्हल्सार्टन त्या अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरलाच अडवतं आणि मेटोप्रोलॉल ॲड्रेनॅलिनचा मारा थोपवतं. जोडीतला एक गडी आधीच बांधलेला आहे, असं समजा. या गोळ्या एकही दिवस चुकवू नका.

कंदरचा_शेतकरी
करमाळा तालुक्यातून बोलतोय. आमच्याकडची केळी आखातात जाते, आणि इथं ग्रुपवर केळीनं हृदय जाड होतं म्हणून मेसेज फिरतोय! गिऱ्हाईक विचारायला लागलंय. केळात सेरोटोनिन असतं का नाही एवढं एकदा सांगा, म्हणजे दुकानावर पाटी लावतो.

जुनी_मिल
असतं, चांगलंच असतं. पाटी लावायची तर हेही लिहा की ते पोटातून पुढे जाता जाता आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात मोडलं जातं. मोडलेला तुकडा लघवीत उतरतो. म्हणून कार्सिनॉइड नावाच्या गाठीसाठी लघवीची ५-एचआयएए तपासणी करायची असेल तर आधी केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद ठेवायला सांगतात. तिथे रिपोर्ट चुकतो म्हणून, हृदय बिघडतं म्हणून नव्हे.

केळीवरचा हा संशय मात्र आजचा नाही. युगांडात १९४८ साली डेव्हिस नावाच्या डॉक्टरने हृदयाच्या आतल्या अस्तरावर व्रण चढण्याचा आजार वर्णन केला, एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. तिथे आणि नायजेरियात भाजीची केळी हे रोजचं पोटभर अन्न. इकडे कार्सिनॉइडच्या गाठी रक्तात सेरोटोनिनचा पूर सोडतात आणि त्या रुग्णांच्या हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांवर तसलाच पांढरा थर चढतो, हेही माहीत झालं होतं. दोन्ही गोष्टी जोडून काही संशोधकांनी बोट केळीकडे दाखवलं, गिनीपिगना केळी चारूनही पाहिली. संशय टिकला नाही. पुढे केरळात हाच आजार दिसला तेव्हा किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतल्या सेरियमवर आळ आला. नेमकं कारण अजून ठरलेलं नाही.

कार्सिनॉइडमध्ये उजवीच बाजू का? तर फुप्फुसं सेरोटोनिन मोडून टाकतात, डाव्या बाजूला पोचेपर्यंत ते उरतच नाही. गाठीतून येणाऱ्या पुराची ही गत, तर दोन केळ्यांचं काय घेऊन बसलात.

शेंगदाण्याचंही तेच. त्यात ट्रिप्टोफॅन असतं, ज्यापासून सेरोटोनिन बनतं. पण शरीर त्यातला फार थोडा भाग तिकडे वळवतं. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात तर प्रश्न याच्या उलट होता: हैदराबादला डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं की ज्वारीवरच जगणाऱ्यांना पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) होतो, कारण ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनण्याच्या आड येतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाचटणी खाणाऱ्या पूर्वजांना तेवढी अक्कल होती म्हणायची. दादाने चटणी जपून खावी ती मिठासाठी.

मेडिकलवाला_सातरस्ता
केळीबद्दल एक राहिलं. दादाला स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दोन्ही आहे. दोघंही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात आणि केळीत पोटॅशियम भरपूर. सेरोटोनिन सोडा, बघायचं ते हे. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट चांगला असेल तर एखादं केळ खायला सहसा कुणी ना म्हणत नाही. घातक म्हणजे 'हार्टवाल्यांसाठी' म्हणून मिळणारं लो-सोडियम मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. कितीतरी लोक हौसेनं नेतात, मी या गोळ्या चालू आहेत का विचारतो आणि मगच देतो.

काउंटरवरच्या अनुभवाने सर्ट्रालिनबद्दल सांगतो, मेसेजमध्ये नसलेलं पण जास्त महत्त्वाचं.

सोडियम. नैराश्याच्या या गोळ्यांनी काही जणांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, सोबत लघवीची गोळी असेल तर जास्तच, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा तर विचारू नका. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, मळमळतं. घरचे म्हणतात ऊन लागलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजत सुटतात, हृदयाच्या पेशंटला तेही चुकीचं. साध्या इलेक्ट्रोलाइट्सच्या तपासणीत कळतं. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकदा करून घ्या.

दुखण्याची गोळी स्वतःहून घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने अंगात पाणी धरतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि सर्ट्रालिनबरोबर पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधही सर्ट्रालिनसोबत विचारल्याशिवाय नको.

मेटोप्रोलॉल चालू असताना कुणी सर्ट्रालिनऐवजी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिलं तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवा. त्यांच्यामुळे मेटोप्रोलॉल रक्तात साठतं आणि नाडी फार मंदावते.

शंकासुर
सगळं ठीक, पण जुनी_मिल काका, तुम्ही उंदरावरून माणसावर उडी मारली नाहीत याचं कौतुक आणि तरी एक प्रश्न. फेन-फेन विसरलात का? वजन कमी करायच्या त्या गोळ्यांनी माणसांचीच हृदयं बिघडली होती, उंदरांची नव्हे. त्यातला फेनफ्लुरामिन सेरोटोनिनवरच काम करायचा. मग सर्ट्रालिन वेगळं कसं?

दुसरं, ही सगळी माहिती पंचवीस वर्षं जुनी असेल तर ५-एचटी२बी अडवणारी गोळी अजून का आली नाही?

जुनी_मिल
शंकासुरा, याच प्रश्नाची वाट बघत होतो.

१९९७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी फेन-फेन घेतलेल्या २४ बायकांची माहिती प्रसिद्ध केली. झडपा जाड होऊन गळत होत्या. सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून मागे घेतलं गेलं. कारण काही वर्षांत सापडलं: फेनफ्लुरामिनपासून शरीरात बनणारं नॉरफेनफ्लुरामिन ५-एचटी२बीला थेट चेतवतं. पार्किन्सनच्या पर्गोलाइडचं तेच झालं, ते अमेरिकेत २००७ मध्ये मागे घेतलं. फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स नावाने हीच कथा २००९ पर्यंत चालली, ब्रेस्टच्या फुप्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशों यांनी चिकाटीने लावून धरली म्हणून थांबली. आता नव्या औषधाची चाचणी करतानाच ते ५-एचटी२बीला चेतवतं का हे बघतात.

पण एक फरक लक्षात घ्या. ही सगळी झडपांची हकीकत आहे. झडप गळायला लागली की स्नायूवर जास्तीचं रक्त येतं आणि तो नंतर थकतो. दादाच्या झडपा मुळात कशा आहेत ते इकोत लिहिलेलं असेल.

सर्ट्रालिन रिसेप्टरला चेतवत नाही. ते सेरोटोनिन परत आत ओढणारा वाहक अडवतं. तोच वाहक प्लेटलेटवरही असतो, त्यामुळे ही गोळी घेणाऱ्यांच्या प्लेटलेटमधला सेरोटोनिनचा साठा भरपूर घटतो. रक्त गोठायला म्हणूनच थोडा वेळ लागतो, सातरस्त्यावाल्यांनी रक्तस्रावाचं सांगितलं ते यातूनच. 'गोळी सगळीकडे सेरोटोनिन वाढवते' हे रक्ताच्या बाबतीत जवळजवळ उलट आहे. एक खोच सांगतो, लपवत नाही: ज्यांच्या मायट्रल झडपेची (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आधीच झीज चालू आहे अशांत या वाहकाचा संबंध असावा, असं २०२३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. तोही झडपेचाच.

हृदय निकामी झालेल्यांना सर्ट्रालिन देऊन पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या २०१० च्या चाचणीत ४६९ रुग्ण होते, १२ आठवडे. गोळीने हृदयाला अपाय दिसला नाही. पण खोट्या गोळीपेक्षा नैराश्यही जास्त उतरलं नाही, दोन्ही गटांत सारखंच उतरलं. जर्मनीत ३७२ जणांना एस्सिटालोप्रॅम देऊन दोन वर्षं पाहिलं, २०१६ ला निकाल आला, मृत्यू किंवा भरती कमी झाली नाही. त्यामुळे मी गोळीची वकिलीही करणार नाही. दादाला फरक वाटत असेल तर ठेवावी, नसेल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करता येते. एस्सिटालोप्रॅमच्या कुळातल्या सिटालोप्रॅमने मोठ्या डोसला ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबतं, म्हणजे ठोक्यांचा ताल बिघडायचा धोका वाढतो, अमेरिकेत २०११ पासून ४० मिग्रॅच्या वर मनाई आहे. कमकुवत हृदयाला डॉक्टर सर्ट्रालिनच निवडतात त्यामागे हेही आहे.

तुझा दुसरा प्रश्न. ५-एचटी४ नावाचा रिसेप्टर निरोगी माणसात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत काम करतो. हृदय निकामी व्हायला लागलं की तो खालच्या कप्प्यांतही डोकं वर काढतो आणि ॲड्रेनॅलिनसारखाच थकलेल्या स्नायूला पिटाळतो. नॉर्वेच्या लोकांना वाटलं, बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल त्यातलंच) चालतो तर हाही अडवून बघू. पिबोसेरॉड नावाचं औषध १३७ रुग्णांना २४ आठवडे देऊन पाहिलं, २००९ मध्ये निकाल. ईएफ वाढलं जेमतेम १.७ टक्क्याने, रुग्णांना बरं वाटण्यात फरक नाही. तिथेच ते गुंडाळलं गेलं. ५-एचटी२बी अडवणं तर त्याहून अवघड: जास्त झालं तरी बिघाड, अजिबात नसलं तरी बिघाड, हे उंदरानेच दाखवलंय. कार्डिओमायोपथीवर सेरोटोनिनच्या रिसेप्टरची गोळी आज तरी नाही. कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा.

साखरपेठकर
खूप खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, गोळी चालू ठेवायला सांगितली आणि सोडियम-पोटॅशियम लगेच करायला सांगितलं. वहिनीला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, उंदराचं जाऊ दे, लो-सोडियम मीठ घरात आहे ते आधी बाहेर काढते. इको परत बघितला: मायट्रल झडप 'माइल्ड' गळते असं लिहिलंय.

मेडिकलवाला_सातरस्ता
हृदय फुगलं की झडपेची चौकट ताणली जाते, पडदे मिटत नाहीत, म्हणून थोडी गळती या आजारात नेहमी दिसते. पुढच्या इकोशी ताडून बघतील ते.

शंकासुर
साखरपेठकर ताई, तुम्ही स्वतः इको केला का? कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. ४६ व्या वर्षी, ब्लॉकेज नसताना स्नायूचा आजार म्हणजे कधीकधी तो घराण्यातून आलेला असतो. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा इको आणि ईसीजी करावा असं सांगतात. एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचा प्रकार भारतीय उपखंडातल्या साधारण ४ टक्के लोकांत आढळतो, २००९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. तो असला म्हणजे आजार होतोच असं नाही, पण धोका वाढतो. आमच्या चुलत्यांच्या घरी एकाचं निदान झाल्यावर धाकट्याचा इको केला, त्याचंही हृदय थोडं मोठं निघालं. त्रास काही नव्हता. लवकर गोळ्या सुरू झाल्या.

सेरोटोनिनवर दोन दिवस आपण सगळे भांडलो, पण तुमच्यासाठी या तपासणीचा उपयोग जास्त आहे.

साखरपेठकर
अरे बापरे, हे कुणी बोललंच नव्हतं. आमचे वडील पन्नाशीत झोपेतच गेले, तेव्हा 'ॲटॅक' म्हणाले होते. दादाची मुलगी बारावीला आहे.

शंकासुर
वडिलांचं हे दादाच्या डॉक्टरांना नक्की सांगा. कागदावर लिहूनच द्या. मुलीचाही इको करा, परीक्षेआधी घाबरवू नका फक्त.

अक्कलकोटची_लेक
विषयाला धरूनच एक विचारते. मला प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढल्यामुळे कॅबरगोलिन चालू आहे, आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी. वर पर्गोलाइडचं वाचून नेटवर शोधलं तर कॅबरगोलिनचंही नाव आलं. झोप उडाली. मीही बंद करू का?

जुनी_मिल
लेकी, बंद करू नकोस. नाव आलं ते खरं आहे, कॅबरगोलिनही ५-एचटी२बीला चेतवतं आणि २००७ साली पार्किन्सनच्या रुग्णांत झडपा बिघडल्याचं छापून आलं. पण ते रुग्ण रोज काही मिलिग्रॅम घ्यायचे, वर्षानुवर्षं. तुझी अर्धी गोळी म्हणजे पाव मिलिग्रॅम, आठवड्याला अर्धा. प्रोलॅक्टिनच्या डोसला धोका फार कमी दिसतो. तरी गोळी लांबणार असेल तर सुरुवातीला एक इको आणि पुढे अधूनमधून एक, एवढं डॉक्टर करून घेतात. तुझा पहिला इको झालाय का? नसेल तर पुढच्या भेटीत विचार. गंमत अशी की तेच फेनफ्लुरामिन २०२० साली लहान मुलांच्या ड्राव्हे सिंड्रोममधल्या फिट्सवर अमेरिकेत परत आलं, कमी डोसमध्ये, आणि तेव्हा दर सहा महिन्यांनी इको करायच्या अटीवर.

अक्कलकोटची_लेक
इको झालेला नाही काका. गुरुवारी जाणार आहे, तेव्हा विचारते. गोळी एक मिलिग्रॅमची आहे की अर्ध्याची तेही पाकिटावर बघून सांगते, आत्ता ऑफिसात आहे.